मधुमेही पायाच्या जखमेला लेझर देताना

तळव्याची जखम भरायला मदत व्हावी म्हणून मी तिला कमी शक्तीचा लेझर प्रकाश देते. प्रोब, म्हणजे प्रकाश सोडणारा हातात धरायचा भाग, जखमेवर धरण्याआधी मी पायाचा रक्तपुरवठा तपासते. घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब यांचं गुणोत्तर 0.9 पेक्षा कमी आलं, तर रुग्ण आधी रक्तवाहिन्यांच्या सर्जनकडे जातो. 1.3 च्या वर आलं तरी निर्धास्त व्हायचं नाही. मधुमेहात धमनीच्या भिंतीत कॅल्शियम साचतं आणि आकडा फसवा चढतो. अशा वेळी पायाच्या अंगठ्याचा दाब बघावा. निर्जंतुक बोथट सळईला जखमेच्या तळाशी हाड लागलं किंवा लाली पसरत असली, तर आधी जंतुसंसर्गाचा उपचार. कर्करोगाची शंका असलेल्या जागी हा प्रकाश द्यायचाच नाही.

मग जखमेची सफाई. कडेचा घट्टा तासायचा, पिवळट मृत थर काढायचा, सलाइनने धुवायचं. आयोडीनचा तपकिरी डाग किंवा मलमाचा थर राहिला की प्रकाश तिथेच अडतो. रक्त पूर्ण थांबू द्यावं, कारण तेही प्रकाश शोषतं.

सगळ्यात जास्त गफलत मात्रेत होते. मी साधारण 660 नॅनोमीटरचा लाल लेझर वापरते आणि दर चौरस सेंटिमीटरला 4 ज्यूल देते. प्रोब 100 मिलीवॉटचा आणि त्याचं टोक अर्ध्या चौरस सेंटिमीटरचं असेल, तर एका बिंदूला 20 सेकंद पुरतात. पडद्यावर ‘4 ज्यूल’ दिसेपर्यंत धरला की 40 सेकंद जातात आणि मात्रा दुप्पट होते. पडद्यावरचा आकडा एकूण ज्यूलचा की दर चौरस सेंटिमीटरचा, हे यंत्राच्या पुस्तिकेत पाहिल्याशिवाय सुरुवात करू नये. जास्त प्रकाश म्हणजे जास्त फायदा, असं इथे नसतं. ठरावीक मर्यादेपुढे पेशींचं काम उलट मंदावतं.

कडेच्या निरोगी त्वचेवर पारदर्शक फिल्म लावलेला प्रोब काटकोनात टेकवायचा, दर सेंटिमीटरला एक बिंदू. जखमेच्या तळावर मात्र न टेकवता, अगदी जवळ. हात वर उचलला की किरण पसरतो, मात्रा घटते. त्या तरंगलांबीचा प्रकाश अडवणारा चष्मा रुग्णाने आणि उपचार देणाऱ्याने, दोघांनीही लावायचा. फिल्म दर रुग्णाला नवी.

घरच्या इन्फ्रारेड दिव्याचा शेक म्हणजे हा उपचार नव्हे, हे मी प्रत्येक घरच्या माणसाला बजावते. बधिर पायाला चटका कळत नाही आणि दुसरी जखम तयार होते.

प्रकाश हा जोडउपचार आहे. त्याचे पुरावे अजून मर्यादित आहेत. पायावरचा भार काढला नाही तर लेझर फुकट जातो. रुग्ण त्याच चपलेत चालत घरी गेला, तर जखम भरताना येणारं दाणेदार लाल ऊतक पुन्हा चिरडतं. म्हणून प्लास्टर किंवा भार काढणारा बूट आधी, लेझर नंतर. रक्तातल्या साखरेचंही तसंच: ती आधी आटोक्यात हवी.

दर आठवड्याला लांबी-रुंदी मोजून, पट्टी शेजारी ठेवून फोटो काढावा. चार आठवड्यांत क्षेत्रफळ निम्म्यावर आलं नाही, तर मी लेझरच्या फेऱ्या वाढवत नाही. रक्तपुरवठा, हाड आणि पादत्राण पुन्हा तपासायला घेते.