खालची कवळी टिकत नसेल, तर आधी दोन इम्प्लांटचं विचारा

खालचे सगळे दात गेले, कवळी करून आणली आणि महिन्याभरात ती डब्यात जाऊन पडली, असं म्हातारं माणूस मराठवाड्यात गावोगाव भेटतं. वरची कवळी टाळूला धरून बसते. खालच्या कवळीला तसा आधार नसतो. मधे जीभ तिला उचलते, आणि दात गेल्यावर जबड्याचं हाड वर्षागणिक झिजत जातं ते वेगळंच. मग भाकरी दुधात कुस्करायची, शेंगदाण्याचा कूट करायचा, हुरडा तर नुसता बघायचा.

अशांना हल्ली थेट पूर्ण जबड्यात न निघणारे पक्के दात बसवण्याचा खर्च सांगितला जातो. आमचं मत असं की आधी जबड्याच्या हाडात बसवायचे दोन इम्प्लांट आणि त्यावर टिच बटणासारखी बसणारी कवळी, हे विचारावं. २००२ साली कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी खालच्या बिनदाताच्या जबड्यासाठी हाच पहिला पर्याय धरावा असं सांगितलं. खर्च कमी, शस्त्रक्रिया लहान, आणि कवळी काढून धुता येते. थरथरत्या हाताच्या माणसासाठी हे शेवटचं सगळ्यात मोलाचं आहे.

इम्प्लांट म्हणजे टायटॅनियमचा स्क्रू, साधारण साडेतीन ते चार मिलिमीटर जाड आणि दहा-बारा मिलिमीटर लांब. हाड त्याला चिकटून एकजीव होतं. स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांनी १९६५ मध्ये पहिल्या रुग्णाला असे इम्प्लांट बसवले. दोन्ही स्क्रू हनुवटीच्या भागात, सुळ्यांच्या जागी बसतात. तिथं बहुधा पुरेसं हाड उरलेलं असतं आणि ओठाला संवेदना देणारी नस त्याच्या मागे बाहेर पडते. तरीही सीबीसीटी स्कॅन, म्हणजे जबड्याचा त्रिमितीय एक्स-रे, करून घ्यावाच. नस आणि स्क्रू यांत किमान दोन मिलिमीटर अंतर हवं. भूल उतरल्यावरही ओठ बधिर राहिला तर त्याच दिवशी फोन करा, 'बघू आठवडाभर' नको. स्क्रू नसेला टेकला असेल तर तो लवकर काढावा किंवा मागे घ्यावा लागतो.

छिद्र पाडताना थंड सलाईन सतत सोडावं लागतं, कारण ४७ अंश सेल्सिअसची उष्णता मिनिटभर राहिली तरी हाडाच्या पेशी मरतात. मेलेलं हाड स्क्रूला धरत नाही, आणि काही आठवड्यांनी तो हलायला लागतो. खालच्या जबड्यात हाड धरायला साधारण तीन महिने द्यावेत, वरच्या जबड्यात हाड मऊ असतं म्हणून जास्त. या काळात जुनी कवळी आतून कोरून मऊ अस्तर लावून घ्यावी. तशीच जखमेवर दाबून वापरली तर स्क्रूवर भार येतो.

वय आडवं येत नाही, साखर आणि तंबाखू येतात. तीन महिन्यांची साखर, म्हणजे एचबीए१सी, सातच्या आसपास आणून मगच तारीख घ्या. मिशरी, गुटखा, तंबाखू-चुना सुटणार नसेल तर डॉक्टरांना खरं सांगा. जखम उशिरा भरते आणि पुढे इम्प्लांटभोवतीचं हाडही खचतं. आणखी एक गोष्ट घरचे हमखास विसरतात: हाडं ठिसूळ झाल्याबद्दल आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी किंवा वर्षातून एकदा शिरेतून दिलेलं औषध. आईला ते चालू असेल तर चिठ्ठी सोबत न्या, कारण त्या औषधांनी जबड्याचं हाड न भरण्याचा धोका असतो. रक्त पातळ करण्याची गोळी मात्र मनानं बंद करायची नाही, हृदयाच्या डॉक्टरांना विचारायचं.

पहिल्या दिवशी चूळ जोरात भरायची नाही. थंड आंबील, मऊ भात, कोमट वरण चालतं. टाके साधारण आठवड्या-दहा दिवसांनी निघतात.

कवळी लागली की काम संपलं असं समजू नये. कवळीच्या आत दोन नायलॉनच्या टिकल्या असतात, त्या स्क्रूवर बसवलेल्या धातूच्या गोळ्यांना पकडतात. झिजल्या की कवळी पुन्हा सैल होते. घाबरायचं कारण नाही, टिकल्या काही मिनिटांत बदलून मिळतात. रोज रात्री कवळी काढून पाण्यात ठेवावी, आणि जबड्यात दिसणाऱ्या दोन्ही गोळ्यांभोवती मऊ ब्रशनं हिरडीलगत फिरवावं. तिथं घासताना रक्त आलं तर ते बिघाडाचं पहिलं लक्षण. दुखत नाही म्हणून लोक दुर्लक्ष करतात, पण इम्प्लांटभोवतीचं हाड बहुतेक वेळा न दुखताच झिजतं. वर्षातून एकदा एक्स-रे काढून हाडाची पातळी बघावी.

बीड-हिंगोलीच्या गावातून छत्रपती संभाजीनगर, नांदेड किंवा लातूरला चार-सहा फेऱ्या धराव्या लागतील. स्कॅन, स्क्रू, त्यावरची गोळी आणि कवळी यांचा खर्च वेगवेगळा लिहून मागा. इम्प्लांटची कंपनी, जाडी आणि लांबी लिहिलेलं कार्ड मिळतं, ते आधार कार्डासोबत जपून ठेवा. उद्या वडील पुण्यात मुलाकडं राहायला गेले आणि टिकली बदलायची वेळ आली, तर तिथल्या डॉक्टरला कोणता भाग मागवायचा हे त्याच कार्डावरून कळेल.