गोंदियातले सारस: बांधी, बोडी आणि बेशरम

सारस बघायला गोंदियाला जायचं तर जूनचा पहिला पंधरवडा गाठावा. मुंबईहून निघणारी विदर्भ एक्सप्रेस थेट गोंदियापर्यंत जाते, नागपूरहून रेल्वेने दोन-अडीच तास लागतात. या दिवसांत बोड्या, म्हणजे शेतातली छोटी तळी, आटलेल्या असतात. पाणी मोजक्या तलावांत आणि बाघ, वैनगंगा या नद्यांच्या डोहांत उरतं, त्यामुळे एरवी विखुरलेले सारस तिथे गोळा होतात. सारसांसाठी काम करणाऱ्या इथल्या ‘सेवा’ संस्थेची सारसगणना याच हंगामात असते. ठिकठिकाणी एकाच वेळी माणसं बसवून मोजावं लागतं, नाहीतर या तलावावर मोजलेली जोडी तासाभराने पुढच्या गावात पुन्हा मोजली जाते. गोंदिया जिल्ह्याचा आकडा अलीकडे पन्नाशीच्या आतच राहतोय.

परसवाड्याच्या तलावावर आम्ही उजाडायच्या आधी पोचलो. सारस दिसायच्या आधी ऐकू येतो. नराची एक लांब हाक आणि तिच्यावर मादीच्या दोन आखूड हाका, इतक्या जुळलेल्या की एकच पक्षी ओरडतोय असं वाटावं. फटफटल्यावर जोडी दिसली. अंगाने राखाडी, डोकं नि मान लाल, पाळीपासून (तलावाच्या बांधापासून) दूर उथळ पाण्यात उभी. जंगलाशी या पक्ष्याचं देणंघेणं नाही. नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प याच भागात असला तरी सारसाचा संसार धानाच्या बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या भातखाचरात. म्हणून त्याला वाचवायचं तर बोलणी शेतकऱ्याशीच करावी लागतात.

ऑगस्टमध्ये पुन्हा गेलो ते हा बांधीतला संसार बघायलाच. घरटं रस्त्यावरून, दुर्बिणीतून पाहिलं. उपटलेली धानाची रोपं आणि लव्हाळा यांचा जवळजवळ दोन मीटर रुंदीचा ढीग, भोवती वीतभर पाणी, वर मादी बसलेली. अंडी बहुधा दोन. नर-मादी आळीपाळीने महिनाभर ती उबवतात. रोवणी (भाताची लावणी) झालेल्या बांधीत असा खड्डा पडलेला बघून शेतकरी चिडतो, ते बरोबरच आहे. पण हिशेब करू. घरटं आणि आजूबाजूची उपटलेली जागा मिळून २० चौरस मीटर धरा. एकर म्हणजे ४,०४७ चौरस मीटर. एकरी १६ क्विंटल धान धरलं तर नुकसान होतं साधारण ८ किलोचं. गावात हे तोंडी सांगून पटत नाही. बांधावर टेप धरून मोजलं की लगेच पटतं. तेवढ्या धानाचे पैसे रोवणीच्या वेळीच हातात ठेवले तर घरट्याला राखणदारही मिळतो.

घरटी फसतात ती बहुतेक दोन कारणांनी. एक, पाणी. मोठ्या पावसात बांधी तुडुंब भरली तर सारस काडीकचरा घालून ढीग उंच करतो, पण एका रात्रीत चढलेल्या पाण्यापुढे त्याचं काही चालत नाही. शेतकऱ्याने बांध थोडा फोडून जादा पाणी काढावं, मात्र पूर्ण उपसू नये. कोरड्या बांधीतल्या घरट्यापर्यंत कुत्री सहज पोचतात. दुसरं कारण म्हणजे आपण, कॅमेरेवाले. पक्षी घरट्यावरून उठला की कावळे अंडी फोडतात. दोनशे मीटरच्या आत जाऊ नये, ड्रोन तर नकोच, आणि फोटो टाकताना गावाचं नाव गाळावं. अंडी उचलणं वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. तसं दिसलं तर वनविभागाला १९२६ वर कळवावं.

गादमाशी आणि खोडकिडा हे इथल्या धानाचे जुने शत्रू, त्यामुळे दाणेदार विषारी औषधं बांधीत सर्रास पडतात. सारस त्याच चिखलातले बेडूक, गोगलगाई आणि दाणे खातो. खोडकिड्यावर ट्रायकोकार्ड, म्हणजे त्याची अंडी मारणाऱ्या परोपजीवी कीटकांची अंडी असलेली कार्डं, चालतात: हेक्टरी ५०,००० अंडी, आठवड्याच्या अंतराने तीन-चार वेळा. कार्ड उन्हात ठेवलं किंवा लावल्यावर लगेच फवारणी केली की परोपजीवी कीटक मरतात आणि शेतकरी म्हणतो, ‘कार्डाने काही होत नाही.’ गादमाशीला मात्र कार्डाचा उपयोग नाही, तिथे प्रतिकारक वाणच लावावा.

विजेच्या तारांनीही सारस मरतात. हा भला मोठा पक्षी, वळायला वेळ घेतो. तलाव आणि बांध्यांच्या मधून गेलेल्या तारांना वेष्टण घालणं किंवा पक्ष्यांना दिसतील अशा चकत्या अडकवणं हे काम वीज कंपनीचं. ग्रामसभेचा ठराव सोबत जोडला तर अर्ज निदान वाचला जातो. सारसांच्या प्रश्नाची २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली, त्याचाही उल्लेख अर्जात करावा.

आणि बेशरम. मामा (माजी मालगुजारी) तलावांच्या काठाने माजलेली ही झुडपं नुसती कापून भागत नाही. वीतभर तुकडा ओल्या मातीत पडला तरी मुळं धरतो. एका तलावावर कापून काठालाच टाकलेल्या ढिगातून पांढरी मुळं फुटलेली आम्ही पाहिली. मे महिन्यात तलाव आटल्यावर मुळासकट उपटून ती उंच, कोरड्या जागी वाळवावी लागतात, आणि तेच पुढची दोन वर्षं पुन्हा करावं लागतं. गाळ काढताना जेसीबीने तलावाची खोल वाटी करू नये. सारसाला गुडघाभर पाणी लागतं, म्हणून गाळ मधला काढावा, वरच्या बाजूचा उतार तसाच ठेवावा. मत्स्यसंस्थेशी बोलून गवत्या मासा (ग्रास कार्प) सोडणं थांबवावं, तो पाणवनस्पती खाऊन टाकतो.

कापणीच्या वेळी बरीच पिल्लं अजून उडत नसतात, त्यांना त्यासाठी तीन महिने लागतात. हार्वेस्टर असेल तर तलावाच्या विरुद्ध टोकापासून सुरुवात करून पाण्याच्या दिशेने सरकत जावं. पिल्लू पुढे पळत पाण्यात उतरतं. चारी बाजूंनी कापत मध्ये आलं तर ते उरलेल्या धानात दबा धरून बसतं आणि चालवणाऱ्याला दिसत नाही.