गाडीच्या मागे

मागच्या रविवारी भाच्याने वाढदिवसाला मिळालेली रिमोटची गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये पहिल्यांदा सोडली आणि मिनिटभरात तळमजल्यावरच्या काकांच्या स्कूटरवर नेऊन आपटली. "मावशी, मी डावीकडेच वळवली होती गं!" वळवली होतीच त्याने. फक्त गाडी तेव्हा त्याच्याकडे तोंड करून येत होती. तिची डावी ती त्याची उजवी. त्याच्या आईने "लक्ष कुठे असतं तुझं" सुरू केलं. मला मात्र गिरगावच्या चाळीतली गॅलरी आठवली.

माझी गाडी बाबांनी क्रॉफर्ड मार्केटातून आणली होती. लाल, गाडीत चार पेन्सिल सेल आणि रिमोटमध्ये नऊ व्होल्टचा चौकोनी सेल. सेल उतरले की आम्ही ते पत्र्यावर उन्हात ठेवायचो, आणि दहा मिनिटं गाडी पुन्हा जिवंत व्हायची. दोन दिवसांनी शेजारच्या मुलालाही तस्सीच गाडी आली, आणि खरी गंमत झाली. दोन्ही गाड्या एकाच रेडिओ-लहरीवरच्या, २७ मेगाहर्ट्‌झच्या. मी बटण दाबलं की त्याचीही धावायची, त्याने दाबलं की माझी. शेवटी वेळा वाटून घ्याव्या लागल्या, नळाच्या पाण्यासारख्या.

वळवायचं गणित मला काही केल्या जमेना. गाडी लांब जात असली की सगळं ठीक. परत यायला लागली की डावं-उजवं उलटं, आणि गाडी थेट आजीच्या वाळत घातलेल्या पापडांत. मग मी माझ्यापुरता उपाय काढला: गाडीला आपल्याकडे येऊच द्यायचं नाही. रिमोट हातात धरून तिच्या मागोमाग पळायचं. ती वळली की मीही वळायचं, म्हणजे मी कायम तिच्या पाठीशी. चपला, कळशा, कुणाच्या दारातली रांगोळी, सगळं चुकवत अनवाणी. चाळभर हसले. पण पापड वाचले.

२००० साली दादरच्या मामेभावाकडे कॉम्प्युटर आला आणि त्यासोबत एक सीडी. कुठून, ते विचारू नका. लॅमिंग्टन रोडला तेव्हा सगळंच मिळायचं. गेमचं नाव 'री-व्होल्ट'. अॅक्लेम नावाच्या गेम कंपनीच्या लंडनच्या स्टुडिओने १९९९ मध्ये काढलेला. खेळण्यातल्या रिमोटच्या गाड्यांची शर्यत. कधी गल्लीत, कधी म्युझियममध्ये, कधी जहाजावर. मी दादाच्या खांद्यावरून पाहिलं आणि ओरडलेच. कॅमेरा गाडीच्या मागे पळत होता! रिमोट घेऊन कुणीही कुठे उभं नाही, गाडी आपल्याकडे कधी येतच नाही. माझा चाळीतला उपाय कुणीतरी तिकडे लंडनमध्ये बसून गेममध्ये घातला होता.

बाकी सगळं मात्र अस्सल होतं, आणि मी ते अधिकाराने सांगते. या गाड्यांना खेळण्याचंच वजन होतं. फुटपाथच्या कडेला चाक घासलं की गाडी कलंडायची आणि पाठीवर पडून चाकं गरागरा फिरवत राहायची. एक बटण दाबून सरळ करावी लागायची; चाळीत हे काम हाताने करायचे. अँटेना उडी मारल्यावर लवलवायची. काही गाड्या बॅटरीच्या, काही ग्लो इंजिनाच्या, म्हणजे इंधनावर चालणाऱ्या छोट्या इंजिनाच्या, आणि डोळे मिटूनही आवाजावरून कळायचं कुठली आहे ते. 'हम्मा' नावाची धिप्पाड गाडी माझ्या चिमुकल्या गाडीला असं उडवायची की मी खुर्चीतच वाकडी व्हायचे. वाटेत विजेच्या चिन्हातून गेलं की काहीतरी हाती लागायचं: रॉकेट, पाण्याचे फुगे, तेलाचा ओघळ. कधीकधी टिकटिकणारा बॉम्बच आपल्या अंगाला चिकटायचा. तो फुटायच्या आत दुसऱ्या गाडीला धडकून तिच्या गळ्यात मारायचा. पकडापकडीत राज्य देतात ना, तसंच अगदी.

सुपरमार्केट मी पहिल्यांदा पाहिलं ते या गेममध्ये. आमच्याकडे वाण्याला "अर्धा किलो तूरडाळ" सांगायचं, आणि तो फळीवरून काढून देणार. इथे फ्रीजांच्या आणि फळ्यांच्या मधून मोकळी वाट, तीही जमिनीपासून चार इंच उंचीवरून. अजूनही मॉलमध्ये गेले की माझी नजर आधी खालच्या फळीकडे जाते. नवरा वैतागतो.

दादाकडे सगळ्या गाड्या होत्या, माझ्याकडे सुरुवातीच्या चार-पाच. "जिंकून मिळवल्या," म्हणायचा. एकदा पाणी आणायचं निमित्त करून मागे थांबले, तर नावाच्या जागी पठ्ठ्या 'कार्निव्हल' टाईप करत होता. तो शब्द टाकला की सगळ्या गाड्या खुल्या. त्याला आता दोन मुलं आहेत, तरी मी हे विसरलेले नाही.

अॅक्लेम २००४ मध्ये बुडाली, पण गेम टिकला. चाहत्यांनी त्याचं नव्याने बांधलेलं रूप, 'आरव्हीजीएल', फुकट मिळतं आणि फोनवरही चालतं. भाच्याला मीच लावून दिलं होतं. दिवाळीपासून तो मला रोज हरवतो. वळणं अशी कापतो की बघत राहावं. म्हणूनच स्कूटरला ठोकल्यावर त्याचा चेहरा एवढा पडला.

"मागून चालव," मी म्हटलं.
"म्हणजे?"

सांगून कळण्यासारखं नव्हतं. चपला काढल्या, ओढणी कमरेला बांधली, रिमोट घेतला आणि गाडीमागे सुटले. खांबाला वळसा, पाण्याच्या टाकीच्या झाकणावरून, परत. वयाचा मान राखून गुडघ्याने एकदा कळ दिली. मग तो पळाला, मी त्याच्या मागे, आणि तिसऱ्या फेरीत स्कूटर वीतभर अंतराने चुकली.

वॉचमनकाकांनी न बोलता आपली खुर्ची उचलली आणि भिंतीला टेकवून ठेवली.