हो, सुतकातसुद्धा मी मतकरीच वाचत होते

कुठल्याही लग्नात जा, कोणीतरी विचारतंच, "काय गं, अजून ती भुताखेतांची पुस्तकं वाचतेस?" आणि मग आवाज खाली आणून, "बाबांच्या वेळी पण वाचत होतीस ना?" तर तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच लिहून टाकते.

गूढकथा लिहिणारे रत्नाकर मतकरी म्हणजे भुतंखेतं नाहीत. हे मी १५ वर्षं घसा फोडून सांगतेय. २० वर्षं बँकेत नोकरी केलेला माणूस तो, त्याची पात्रं पण आपल्यातलीच, पगार, ब्लॉक, घरातलं आजारपण, आणि आत काहीतरी कुजत असतं. 'इन्व्हेस्टमेंट' घ्या, स्वतःच्या कथेवर त्यांनीच सिनेमा काढला, नॅशनल अवॉर्ड मिळालं, त्यात कुठाय भूत? शिकलेसवरलेले आईबाप, पोराचं कृत्य झाकायला निघालेले. भूत परवडलं.

पण खरं सांगू, हे सगळं चारचौघांत बोलायला बरं. मला घाबरायला आवडतं म्हणून वाचते, झालं?

बाबा गेले त्याच्या पाचव्या रात्रीची गोष्ट. घरात जागा मिळेल तिथे माणसं झोपलेली, मला झोप नाही, म्हणून पॅसेजमधल्या दिव्याखाली मतकरींचा 'खेकडा' हा कथासंग्रह घेऊन बसलेले. आत्या पाणी प्यायला उठली. एक शब्द बोलली नाही, मांजराने आणलेला उंदीर उचलावा तसं पुस्तक दोन बोटांत धरलं आणि गॅलरीत रद्दीवर नेऊन ठेवलं. सकाळी चहाला मात्र सगळ्यांसमोर, "दहावा व्हायचाय बापाचा, आणि ही असलं वाचत बसते." मी गप्प. दादा पण गप्प, तेच जास्त लागलं. त्याच दिवशी कोणीतरी घर आवरायचं म्हणून रद्दी देऊन टाकली. पुस्तक वाचनालयाचं! डिपॉझिटमधून पैसे कापले ते वेगळंच. आणि लहानपणी मला 'अलबत्या गलबत्या' नाटक बघायला हीच आत्या घेऊन गेली होती, चेटकीण आली की मी तिच्या पदरात तोंड खुपसायचे आणि ती खदाखदा हसायची. ते पण मतकरींचंच, हे तिला अजून सांगितलेलं नाही.

बरं, पण का वाचत होते? मध्यंतरी मी सांगायचे की त्या गोष्टींत गेलेलं माणूस परत येतं ना, म्हणून. ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं, मग मलाही ते खरं वाटायला लागलं. पण गूढकथेत परत येणारं काय चांगल्या हेतूने येतं? बाबा तसे कुठे हवे होते मला! आता वाटतं, "कसं झालं गं, किती वाजता?" असं न विचारणारं घरात तेवढं एक पुस्तकच होतं. की हे पण आत्ता लिहिता लिहिताच सुचलं, देव जाणे.

मे २०२० मध्ये मतकरी कोविडने गेले. त्या रात्री मी त्यांचं काहीच वाचलं नाही, आता ते का हे विचारू नका.

'खेकडा' परत घेतलंय, या वेळी विकत. रद्दीवाल्याची हाक आली की आधी गॅलरीत जाऊन गठ्ठा बघते.