ओझोनचा डोस नेमका जातो कुठे?

प्रक्रिया झालेल्या सांडपाण्यात औषधांचे अंश लिटरमागे नॅनोग्रॅम, फार तर काही मायक्रोग्रॅम असतात. त्याच लिटरात विरघळलेला सेंद्रिय कार्बन (डीओसी) मात्र सहा ते दहा मिलिग्रॅम, म्हणजे हजारो पट. हे अंश काढायला ओझोन वापरा की सक्रिय कार्बन, त्यांची बरीचशी ताकद या गर्दीवरच खर्च होते. त्यामुळे ‘दर घनमीटरला इतके ग्रॅम’ असा ठरीव डोस मला कधीच पटत नाही.

ओझोनचा हिशोब डीओसीवर करायचा: साधारण ०.५ ते ०.७ ग्रॅम ओझोन प्रति ग्रॅम डीओसी. डीओसी ८ मिलिग्रॅम आणि गुणोत्तर ०.६ धरलं, तर डोस ४.८ मिलिग्रॅम प्रति लिटर. आता एअरेशन (पाण्यात हवा सोडणं) कमी पडून नायट्रिफिकेशन (जिवाणूंनी अमोनियाचं नायट्रेट करणं) अर्धवट राहिलं आणि मधल्या टप्प्यातलं नायट्राइट उरून नायट्राइट-नायट्रोजन ०.५ मिलिग्रॅमवर गेला असं समजा. एक मिलिग्रॅम नायट्राइट-नायट्रोजन सुमारे ३.४ मिलिग्रॅम ओझोन खातो, तेही झटपट. म्हणजे १.७ मिलिग्रॅम तिथेच संपला, एक तृतीयांशाहून जास्त! डोस कमी पडतोय असं वाटलं, तर ओझोन जनरेटर तपासण्याआधी एअरेशन टाकी बघा. रोजच्या नियंत्रणासाठी ओझोनच्या आधी आणि नंतर २५४ नॅनोमीटर तरंगलांबीला पाणी किती अतिनील (यूव्ही) प्रकाश शोषतं ते मोजा. त्यातली घट कमी झाली की डोस कुठेतरी वाया जातोय.

कार्बामाझेपिन (अपस्माराचं औषध) आणि डायक्लोफेनॅक (वेदनाशामक) ओझोनपुढे फार टिकत नाहीत, पण त्यांचे तुकडे पाण्यातच राहतात. म्हणून पुढे जैविक वाळू किंवा कार्बन फिल्टर हवाच. ब्रोमाइड लिटरमागे शंभर मायक्रोग्रॅमच्या वर असेल तर ओझोनमुळे त्यापासून बनणारा घातक ब्रोमेट तपासल्याशिवाय ओझोन घेऊ नका. पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेचं ब्रोमेटचं मार्गदर्शक मूल्य लिटरमागे १० मायक्रोग्रॅम आहे. आणि पीएफओएससारख्या पीएफएएस (सहज न विघटणाऱ्या फ्लोरिनयुक्त) रसायनांना ओझोन हातही लावत नाही.

त्यांच्यासाठी दाणेदार कार्बन. ताशी ३० घनमीटर पाणी आणि २० मिनिटांचा संपर्ककाळ (रिकाम्या टाकीच्या हिशोबाने) म्हणजे १० घनमीटर कार्बन. दिवसाला त्यातून ७२ बेड व्हॉल्यूम, म्हणजे कार्बनच्या आकारमानाच्या ७२ पट पाणी जातं. कार्बन किती टिकेल हे महिन्यांत नाही, बेड व्हॉल्यूममध्ये लिहून ठेवा. पीएफबीएसारखी आखूड कार्बन साखळीची पीएफएएस रसायनं सगळ्यात आधी निसटतात. पुढे जास्त घट्ट चिकटणारे रेणू त्यांना ढकलून बाहेर काढतात आणि बाहेरच्या पाण्यात ती आत येणाऱ्या पाण्यापेक्षाही जास्त दिसू शकतात. दोन टाक्या एकामागे एक ठेवा आणि नमुना पहिलीच्या बाहेरून घ्या. दुसरीच्या बाहेर दिसेपर्यंत थांबलात तर उशीर झालेला असतो.

नवा कोरडा कार्बन भरल्यावर किमान २४ तास पाण्यात भिजू द्या. छिद्रांत हवा राहिली तर बॅकवॉशमध्ये (खालून उलटं पाणी सोडून धुताना) दाणे तरंगून गटारात जातात. भिजल्यावर काळी भुकटी थांबेपर्यंत सावकाश बॅकवॉश. बंद टाकीतला ओला कार्बन हवेतला ऑक्सिजन शोषतो, त्यामुळे ऑक्सिजनची मोजणी केल्याशिवाय आत उतरायचं नाही. इथे सूट नाही.

आरओ (दाबाने पाणी सूक्ष्म पडद्यातून गाळणं) लावला की सुटलो, असंही नाही. एनडीएमए आणि १,४-डायऑक्सेन हे छोटे, भाररहित रेणू पडद्यातून काही प्रमाणात पार होतात. त्यांच्यासाठी आरओनंतर यूव्ही लागतो, आणि डायऑक्सेनसाठी यूव्हीच्या जोडीला हायड्रोजन पेरॉक्साइड. शिवाय अडवलेलं सगळं रिजेक्टमध्ये (पडद्याने मागे ठेवलेल्या पाण्यात) जास्त तीव्रतेने उरतंच. ते कुठे सोडणार हे ठरल्याशिवाय आरओचं कोटेशन मागवू नका.