आठवणीतले दुखणे आणि वहीतले दुखणे

शनिवार, रात्र

उद्या सकाळी नव्याने निदान झालेल्या रुग्णांसमोर मला बोलायचे आहे. ऱ्हुमॅटॉइड आर्थरायटिस, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटते तो संधिवात, असलेल्या आम्हा रुग्णांचा एक छोटा गट आहे. त्यातल्या जुन्या माणसांनी नव्यांना आपले उपचार कसे झाले ते सांगावे, असा आमचा प्रघात आहे. मी औषधी चाचणीतही भाग घेतला असल्याने 'उपचार आणि ट्रायल' हा विषय माझ्याकडे आला. किमान तारखा तरी बिनचूक सांगता याव्यात, एवढ्याच हेतूने मी संध्याकाळी अकरा वर्षांच्या वह्या खाली काढल्या. आता रात्र झाली आहे आणि तारखांचा प्रश्न बाजूलाच राहिला आहे, कारण जे मी इतकी वर्षे सांगत आले ते आणि वहीत लिहिलेले ते, हे दोन्ही जुळत नाही.

मेथोट्रेक्सेटचेच पाहू. हे औषध सुरू झाल्यावर पहिले सहा महिने मळमळीने जीव नकोसा झाला होता, हे वाक्य मी किती जणांना ऐकवले असेल याची गणती नाही. वहीत मळमळीची नोंद आहे ती पाच आठवड्यांची, आणि तीही आठवड्यातून एकदा घ्यायच्या गोळ्या घेतल्याच्या दुसऱ्या दिवसापुरती. चौथ्या आठवड्यात एक रात्र उलट्यांमुळे अत्यंत वाईट गेली. सहाव्या आठवड्यात डॉक्टरांनी फॉलिक ॲसिडची मात्रा वाढवली आणि मेथोट्रेक्सेट रात्री जेवणानंतर घ्यायला सांगितले. सातव्या आठवड्यात 'आज बरेच कमी' असे तीन शब्द आहेत, आणि त्यानंतर 'मळमळ' हा शब्द वहीतून नाहीसाच होतो. ती एक रात्र माझ्या आठवणीत एवढी पसरली की तिने सहा महिने व्यापून टाकले.

मनाची ही रीत संशोधकांच्या परिचयाची आहे, असे मी पूर्वी वाचले होते. डोनाल्ड रेडेलमायर आणि डॅनियल कानेमन यांनी 1996 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कोलोनोस्कोपीसारख्या तपासण्यांतून जाणाऱ्या रुग्णांना, तपासणी चालू असतानाच, दर मिनिटाला वेदना किती आहे ते विचारले आणि नंतर एकूण त्रास किती झाला असे वाटते तेही विचारले. नंतरचे उत्तर सर्वांत तीव्र क्षणावर आणि अखेरच्या काही मिनिटांवर अवलंबून होते. त्रास किती वेळ चालला याचा त्यावर फारसा प्रभाव नव्हता. वाचताना ही इतरांची गोष्ट वाटली होती.

दोन वर्षांपूर्वी गटातल्या एका ताईंनी माझे ते 'सहा महिने' ऐकले आणि मेथोट्रेक्सेट सुरू करणे आठ महिने पुढे ढकलले. तोवर त्यांच्या बोटांच्या सांध्यांतले हाड झिजल्याचे एक्स-रेमध्ये दिसू लागले होते, आणि ती झीज भरून येत नाही. त्यांनी मला कधी दोष दिला नाही, आणि त्यांच्या निर्णयाला इतरही कारणे असू शकतील. तरीही आज ती पाच आठवड्यांची पाने वाचून मी वही मिटली आणि बराच वेळ तशीच बसून राहिले. मी खोटे बोलले नव्हते. पण जे लिहून ठेवले होते ते उघडून न पाहता बोलले होते, आणि समोरच्या माणसाने त्यावर आपल्या हातांचे भवितव्य ठरवले.

याच औषधाच्या इतिहासातली एक गोष्ट मला नेहमी हलवून जाते. मेथोट्रेक्सेट मूळचे कर्करोगावरचे औषध. संधिवातात ते त्या मानाने फारच कमी मात्रेत दिले जाते. त्याचा उपयोग दाखवणाऱ्या महत्त्वाच्या चाचण्यांपैकी एक 1985 मध्ये प्रसिद्ध झाली. ती 24 आठवड्यांची होती आणि 28 रुग्णांनी ती पूर्ण केली. प्रत्येकाने काही काळ खरे औषध घेतले आणि काही काळ निष्क्रिय गोळी, म्हणजे प्लासिबो. केव्हा काय चालले आहे हे ना त्यांना ठाऊक होते, ना त्यांच्या डॉक्टरांना. 1988 मध्ये अमेरिकेत या आजारासाठी औषधाला मान्यता मिळाली, आणि आज जगभर बहुतेकांचा उपचार त्यापासूनच सुरू होतो. दुसऱ्या कुठल्याही औषधाने आराम पडत नव्हता अशी ती 28 माणसे होती. त्यांची नावे कुठे छापलेली नाहीत. माझी बोटे आज वळतात याचे थोडे श्रेय त्यांचेही आहे, असे मला मनापासून वाटते.

(उद्या हे विसरायचे नाही: मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच. ठरलेला वार गोळ्यांच्या पाकिटावर ठळक लिहून ठेवायला प्रत्येकाला सांगायचे. चुकून रोज घेतल्यामुळे माणसे दगावल्याच्या नोंदी आहेत. यकृताच्या आणि रक्तपेशींच्या तपासण्या बरे वाटू लागले म्हणून सोडायच्या नाहीत, हेही.)

आता ट्रायलची वही. संमतीपत्र वाचायला मला दोन संध्याकाळी लागल्या होत्या आणि पहिल्याच पानावर मी पेन्सिलीने लिहिले आहे: 'कारण न देता केव्हाही बाहेर पडता येते.' क्षयाची सुप्त लागण, हिपॅटायटिस, छातीचा एक्स-रे अशा तपासण्यांतून पार पडल्यावर मला एक क्रमांक मिळाला. मेथोट्रेक्सेट सर्वांचेच चालू राहणार होते; त्यावर कुणाला नवी गोळी मिळणार, कुणाला प्लासिबो, हे संगणकाने यादृच्छिक पद्धतीने ठरवले. दर व्हिजिटला उरलेल्या गोळ्या परत द्यायच्या आणि त्या मोजल्या जायच्या. सांधे तपासणारे डॉक्टर वेगळे असत. बाकीचा त्रास त्यांच्याजवळ बोलायचा नाही, अशी सूचना होती. दुष्परिणाम ऐकून त्यांना गोळी ओळखता आली, तर त्यांच्या बोटांखाली सुजलेला सांधाही कमी सुजलेला भासू शकतो. तपासणाऱ्याला जितके कमी ठाऊक, तितकी त्याची तपासणी विश्वासार्ह, हे मला तेव्हा प्रथमच नीट कळले.

सहभागी रुग्णांनी आपसांत लक्षणांची तुलना करू नये, हेही कोऑर्डिनेटर बाईंनी स्पष्ट सांगितले होते. ते मी पाळले नाही. नवव्या आठवड्यात बाकावर शेजारी बसलेल्या एका बाईंनी विचारले, 'तुमचं कसं चाललंय?' त्यांचे डोके दुखत होते, चेहऱ्यावर पुरळ आले होते आणि सकाळचा ताठरपणा जवळजवळ गेला होता. मला यातले काहीच नव्हते. घरी आल्यावर मी लिहिले, 'मला प्लासिबोच मिळते आहे, यात शंका नाही.' त्यापूर्वीच्या चार आठवड्यांत, 100 मिलिमीटरच्या रेघेवर 'गेल्या आठवड्यात आजाराचा एकूण त्रास किती' याची खूण मी 35 ते 41 च्या दरम्यान करत होते. त्या संभाषणानंतरच्या खुणा 56, 58, 54 अशा आहेत, आणि त्याच आठवड्यांत रक्तातला सीआरपी, म्हणजे शरीरातला दाह दाखवणारा घटक, मात्र उतरत गेलेला आहे. माझे दुखणे त्या आठवड्यांत खोटे होते असे मी म्हणणार नाही, दुखत होतेच. पण ते कशाने दुखत होते, हे मला आता सांगता येत नाही. चाचणी संपल्यावर पुष्कळ महिन्यांनी मला कळवण्यात आले की मी औषधाच्याच गटात होते.

बाकावरच्या त्या गप्पांबद्दल मी कोऑर्डिनेटर बाईंना कधीच सांगितले नाही. ते सांगायला हवे होते.

या बाबतीत रुग्णांना सरसकट दोष देणारे मला पटत नाहीत. एड्सवरच्या एझेडटी या औषधाची चाचणी 1986 मध्ये चालू होती तेव्हा काही रुग्ण आपल्या गोळ्या आपसांत वाटून घेत, म्हणजे प्रत्येकाच्या पोटात थोडे तरी खरे औषध जाईल. काहींनी गोळीत काय आहे ते प्रयोगशाळेत तपासूनही घेतले. दुसरा कुठलाच उपचार नसलेल्या, मित्रांचे मृत्यू रोज पाहणाऱ्या माणसांनी केलेली ती गोष्ट होती. पुढे त्याच रुग्णांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी चाचणीची शास्त्रीय भाषा आत्मसात केली, रस्त्यावर उतरून आणि बैठकांत बसून वाद घातला, आणि चाचण्या कशा आखाव्यात या चर्चेत आपली जागा मिळवली. माझी परिस्थिती त्यांच्यासारखी नव्हती. माझे मेथोट्रेक्सेट चालू होते, पुरेसा फरक पडला नाही तर सोळाव्या आठवड्यात उपचार बदलण्याची सोय होती. मला फक्त धीर धरवला नाही.

रुग्णांनी नोंदी ठेवल्या तर त्यांतून किती खरे बाहेर येऊ शकते, याचेही एक उदाहरण माझ्या मनात आहे. 2008 मध्ये इटलीतल्या एका लहानशा अभ्यासात लिथियममुळे एएलएस या स्नायू निकामी करत जाणाऱ्या आजाराची गती मंदावते असे दिसले आणि अनेक रुग्णांनी डॉक्टरांच्या मदतीने ते स्वतःच घ्यायला सुरुवात केली. त्यांनी आपली मात्रा आणि हालचालींची क्षमता नियमितपणे नोंदवली. 149 जणांच्या त्या नोंदी, आजाराची वाटचाल त्यांच्यासारखीच असलेल्या इतर रुग्णांच्या नोंदींशी ताडून पाहिल्या गेल्या आणि 2011 मध्ये निष्कर्ष छापला गेला: लिथियमचा उपयोग नाही. नंतरच्या रीतसर चाचण्यांतही तेच दिसले. आपल्याच आशेच्या विरोधात जाणारे आकडे या लोकांनी शेवटपर्यंत प्रामाणिकपणे भरले. त्यांच्यापैकी अनेकांना तो निष्कर्ष पाहायला मिळाला नसेल, हा विचार मला अस्वस्थ करतो.

वहीने माझीच चूक दाखवली असे मात्र नाही. काही ठिकाणी मोजमापही तोकडे पडले आहे. विसाव्या आठवड्यात आजार किती सक्रिय आहे हे दाखवणारा माझा डीएएस-28 हा निर्देशांक 2.5 आला. 2.6 च्या खाली म्हणजे आजार शांत. त्याच दिवशीची माझी नोंद आहे: 'सकाळी पाऊल जमिनीला टेकवेना.' या निर्देशांकासाठी दाबून पाहिले जाणारे 28 सांधे म्हणजे खांदे, कोपरे, मनगटे, बोटे आणि गुडघे. घोटे आणि पावले त्यांत नाहीतच. माझा आजार तेव्हा पावलांत जाऊन बसला होता आणि तिथे कुणी हात लावत नव्हते. रोजच्या कामांच्या प्रश्नावलीचेही तसेच झाले. आधी उघडलेल्या बरणीचे झाकण काढता येते का, या प्रश्नावर मी 'काहीही अडचण नाही' अशी खूण केली आहे. खरे म्हणजे बरण्या उघडणे मी तीन वर्षांपूर्वीच सोडून दिले होते आणि त्यामुळे अडचण कधी येतच नव्हती.

थकव्याची गोष्टही अशीच आहे. संधिवाताच्या चाचण्यांत काय मोजावे हे ठरवणाऱ्या ओमेरॅक्ट या आंतरराष्ट्रीय प्रयत्नाच्या परिषदेत 2002 मध्ये प्रथमच रुग्णांना सहभागी करून घेतले गेले, आणि सांध्यांइतकाच थकवा आम्हाला खातो हे त्यांनी तिथे मांडले. पुढे थकवा मोजण्याची शिफारस झाली ती त्यातूनच. माझ्या ट्रायलमध्ये थकव्याचे स्वतंत्र पान होते. ते भरताना आपल्याला खरोखर कुणी विचारते आहे, असे वाटले होते.

उद्या मी आठवणीतून बोलणार नाही. मेथोट्रेक्सेटच्या पहिल्या दहा आठवड्यांची पाने आणि ट्रायलच्या नवव्या आठवड्यातली ती नोंदही वाचून दाखवीन. ताई येणार आहेत. सत्र सुरू होण्यापूर्वी त्यांना बाजूला घेऊन ती पाने आधी दाखवायची आहेत.

रविवार, संध्याकाळ

ताईंनी पाने सावकाश, एकेका ओळीवर बोट ठेवून वाचली आणि विचारले, 'सातव्या आठवड्यात खरंच गेलं होतं?' मी हो म्हणाले. त्या म्हणाल्या, 'माझं तर चौथ्यातच गेलं,' आणि वही मला परत दिली. त्यापलीकडे आम्ही दोघी काही बोललो नाही.

सत्रात मात्र पुष्कळ बोलणे झाले. औषधांची भीती बहुतेकांना होती. ट्रायलमध्ये 'आपल्यावर प्रयोग होतो' ही भीती त्याहून मोठी. एका काकांनी विचारले की प्लासिबो मिळणार असेल तर जायचेच कशाला. नवी गोळी जुनीपेक्षा चांगली आहे हे आधीच ठाऊक असते तर चाचणीची गरजच उरली नसती, असे मी सांगितले. त्यांचे समाधान झाले की नाही, कळले नाही.

सगळे उठल्यावर एक तरुण मुलगी मागे थांबली. तिचे निदान होऊन तीनच आठवडे झाले होते. तिची बोटे ठीक होती, रिपोर्टही फार वाईट नव्हते, पण सकाळी बाथरूमपर्यंत भिंत धरून जावे लागते, असे ती म्हणाली. 'डॉक्टर हात बघतात. पायांचं मी कधी सांगायचं?'

मी तिला म्हटले, 'आत गेल्यावर त्यांनी विचारायची वाट पाहू नकोस. बसल्याबरोबर चपला काढ आणि पाय पुढे कर.'