खोडू नकोस, उत्तर यायचंय!

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहा, असं शाळेचं पत्र आलं आणि आठवले ते आपले भूगोलाचे सर. स्नेहसंमेलनांवर, खेळांवर बाकीचे लिहितीलच. मी सरांवरच लिहिणार.

‘पृथ्वीचे अंतरंग’ हा धडा तसा छोटाच. माणसानं खोदलेलं सर्वांत खोल छिद्र रशियातल्या कोलाचं, जेमतेम १२ किलोमीटर. पृथ्वीची त्रिज्या ६३७१. मग २९०० किलोमीटरवर गाभा सुरू होतो, हे कळलं कसं? सरांनी दोरी आणि खडूनं फळाभर वर्तुळ काढलं, माथ्यावर भूकंप घडवला आणि लहरी सोडल्या. प्राथमिक पांढऱ्या, दुय्यम लाल. खोल जाताना वेग वाढतो, म्हणून रेघा वळून वर येणाऱ्या. भूकंपापासून १०४ अंशांपर्यंत दोन्ही पोचल्या. पुढे लाल एकही नाही. पांढऱ्या थेट १४० अंशांच्या आसपास पुन्हा उगवल्या.

“ही जागा कोरी का?”

तेवढ्यात घंटा झाली. वर्गप्रमुख डस्टर घेऊन उठला, तर सर म्हणाले, “खोडू नकोस, उत्तर यायचंय!” बीजगणिताच्या बाईंनी उरलेल्या कोपऱ्यात समीकरणं सोडवली. दुसऱ्या दिवशी मागच्या बाकावरची एक मुलगी चाचरत म्हणाली, “आत पाणी असेल का?” सरांचा चेहरा असा उजळला! पाणी नव्हे, वितळलेलं लोखंड. पण द्रव हे अगदी बरोबर. दुय्यम लहरी द्रवातून जात नाहीत आणि प्राथमिक तिथे मंदावून आत वळतात. मग सर इंगे लेमन यांच्याबद्दल बोलले. त्या कोऱ्या पट्ट्यातही पुसट लहरी उमटतात, त्यावरून या डॅनिश बाईंनी १९३६ साली द्रवाच्या पोटात आणखी एक अंतर्गाभा असल्याचं मांडलं.

आज मी भूकंपालेखांवरच काम करतो. जगभरच्या नोंदी जुळवून प्रावरणाचे, म्हणजे कवच आणि गाभा यांमधल्या थराचे, छेद काढतो. आफ्रिका आणि पॅसिफिकच्या खाली, गाभ्याला टेकून, दुय्यम लहरी मंदावतात असे अवाढव्य प्रदेश आहेत. ते नेमके कशाचे, यावर अजून वाद आहे. नोंदीत अपेक्षित लहर दिसली नाही की माझे विद्यार्थी आधी यंत्र तपासतात. तेही हवंच. पण वाटेत असं काय असेल की ती पोचली नाही, हे विचारायला मी सरांकडून शिकलो.

हल्ली वर्गात ॲनिमेशन लावतात. लहरी भराभर धावतात, गाभा आपोआप रंगतो, प्रश्न पडायच्या आत उत्तर हजर. मला याची खरंच खंत वाटते. शाळेला एकच विनंती: नव्या इमारतीत भूगोलाच्या खोलीत एक मोठा फळा राहू द्या. त्याचा खर्च मी आनंदानं करीन.